मक्याच्या शेतात पोचवलेला निरोप

अमेरिकेहून येऊन तीन आठवडे झाले. कुवेतमध्ये, सबाह अल-सालेममधल्या आमच्या इमारतीत ज्यांना कळलं त्यांनी विचारलं, न्यूयॉर्क पाहिलंत का, तो मोठा धबधबा पाहिलात का. मी दोन्ही पाहिलं नाही. आयोवा नावाच्या राज्यातल्या एका लहानशा गावी मी नऊ दिवस राहिले. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं त्या गावातलेच लोक सांगतात. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी चार पानं लिहा, खाण्यापिण्याचं लिहा, असा आग्रह झाला. ते लिहितेच. पण मी त्या गावी एक गोष्ट सांगायला गेले होते. ती वगळली तर चारही पानं खोटी होतील, आणि खोट्याचा मला आता कंटाळा आला आहे.

जिच्याकडे गेले तिला इथे रूथ म्हणते. खरं नाव वेगळं आहे. रूथ जालन्याची. अठरा वर्षांपूर्वी आम्ही दोघी कुवेतमधल्या एका खाजगी रुग्णालयात डायलिसिसच्या नर्स होतो आणि एका खोलीत राहत होतो. अल-राई भागातल्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला जुना फ्रीज, दोन पलंग, मध्ये एक खुर्ची. जिची ड्यूटी आधी संपेल तिने भात टाकायचा. माझी मनू तेव्हा चार वर्षांची, वाईला माझ्या आईजवळ. रूथचं लग्न झालेलं नव्हतं. जालन्याला तिची आई आणि मोठा भाऊ. ती अमेरिकेला जाण्यासाठीच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि मी खुर्चीत बसून तिला प्रश्न विचारायचे. ती पास झाली, गेली. मी इथेच राहिले.

दर नाताळात तिचा फोन येई. "शालन, तुझ्यामुळे मी इथे आहे गं. एकदा यायचंच तू." दर वर्षी मी म्हणे, बघू.

या वर्षी मनूने तिकीटच काढून पाठवलं. ती दुबईत नोकरी करते, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. "हाऊ मेनी इयर्स ऑफ बघू, आई?" एवढंच म्हणाली.

शनिवार, पोचले तेव्हा

शिकागोहून लहान विमान, मग रूथच्या गाडीतून दोन तास. विमानतळावर ती धावत आली. केस पांढरे, अंगाने भरलेली, पण चालणं तेच, ड्यूटीला उशीर झाल्यासारखं. मला मिठी मारून ती रडली आणि मी तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले.

नोव्हेंबरचा मध्य होता. कुवेतमध्ये या दिवसांत हवा माणसात येते, वाळवंटात तंबू लागायला लागतात, गाडीच्या काचा खाली करता येतात. तिथे उलट, सगळं आवरून घरात शिरायची घाई. झाडांची पानं गळून गेलेली, आभाळ राखाडी आणि खूप खाली आलेलं. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, बहुतेक कापलेली, नुसती धसकटं उभी. मधूनच एखादं शेत कापायचं राहिलेलं, वाळून पिवळट, वाऱ्यात कागदासारखा आवाज करणारं. गाव दिसायच्या आधी गावाची धान्याची कोठारं दिसतात, उंच पांढरी. गावाच्या पाटीवर लोकसंख्या लिहिलेली होती. ती वाचून मी म्हटलं, एवढी माणसं तर फरवानियातल्या आमच्या जुन्या गल्लीत राहत होती. रूथ इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. असं कुणाशी हसून मला किती वर्षं झाली, ते मी मोजलं नाही.

समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलून तिला नमस्कार करत होता. तीही उचलत होती. ओळखीचे का, असं विचारलं तर म्हणाली, काही ओळखीचे, काही नाही, बोट सगळ्यांनाच. आमच्या सहाव्या रिंग रोडवर बोटाचा अर्थ वेगळा होतो.

घरी गेल्या गेल्या तिने माझी बॅग उघडली, परवानगी न मागता, खोलीवर उघडायची तशी. मी खजूर नेले होते, वाळलेली काळी लिंबं, झातर हा ओव्यासारख्या वासाचा अरबी मसाला. तिने लिंबं नाकाला लावली आणि पलंगावर बसली.

"जालना आठवलं तर मला रडू येत नाही," ती म्हणाली. "खबूस आठवलं की येतं. ती गरम रोटी, कागदात गुंडाळलेली, बेकरीवाल्या इराण्याची. खोलीवर येईपर्यंत आपण अर्धी खायचो."

जालना का आठवत नाही, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. आई गेली तेव्हा तिच्या दफनासाठी, मातीसाठी, भाऊ थांबला नाही, हे तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं. अठरा वर्षांत ती तीनदाच भारतात गेली आणि भावाच्या घरी एकदाही जेवली नाही.

रविवार आणि सोमवार, खाण्यापिण्याचं

रविवारी चर्चला जाताना तिने माझ्या डोक्यावर नारिंगी रंगाची लोकरीची टोपी चढवली. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, तिला शेतांकडून पायी जायचं होतं आणि मला कुणी हरीण समजू नये एवढीच तिची इच्छा होती. साडीवर ती टोपी कशी दिसली याचा फोटो आहे, पण अंकाला देणार नाही.

प्रार्थनेनंतर तळघरात जेवण. लांब टेबलं, घडीच्या खुर्च्या, मागे मोठं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराची सत्ता जॉइस नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंकडे. त्या परवानगी देतील तरच चमचा उचलायचा. प्रत्येक बाईने घरून एक पसरट काचेचं भांडं आणलेलं. त्याला ते हॉटडिश म्हणतात: बटाटे किंवा शेवया, खिमा, चीज, डब्यातलं घट्ट सूप, सगळं एकत्र करून भट्टीत भाजलेलं. मीठ जेमतेम, मिरची नावालाही नाही. एक पदार्थ मात्र मला अजून समजलेला नाही, गोड हिरव्या जेलीत किसलेलं गाजर. त्याला त्या सॅलड म्हणत होत्या. मी दोन घास खाल्ले आणि छान आहे म्हटलं. जॉइसबाईंनी आणखी वाढलं.

रिकामी भांडी धुताना दिसलं की प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने नाव. भांडं कुणाकडे गेलं तरी परत घरी यावं म्हणून. आपल्याकडे डब्यावर नावं कोरायचे तसंच.

रूथ मला टेबलाटेबलाशी घेऊन गेली. प्रत्येक ठिकाणी तिने तेच सांगितलं, की हीच ती, माझी आई गेली तेव्हा माझी परीक्षा दोन दिवसांवर होती, हिने ती बातमी दोन दिवस एकटीने पोटात ठेवली आणि मला परीक्षेला बसवलं. लोक उठून माझा हात हातात घेत होते. मार्व्हिन नावाचे म्हातारे शेतकरी, रूथचे शेजारी, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेले, खुर्चीतून अर्धे उठले आणि मला म्हणाले की तुम्ही आम्हाला चांगली नर्स दिलीत. मी हसले असेन. काय केलं ते आठवत नाही.

सोमवारी मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलात जेवायला गेलो. मुख्य रस्ता म्हणजे एक बँक, एक रंगाचं दुकान, पोस्ट, हे हॉटेल. त्या दिवशीचा खास बेत होता राजमा-खिम्याचं तिखट कालवण, ते ज्याला चिली म्हणतात, आणि त्याच्याच ताटलीत दालचिनी आणि साखरेचा मोठा गोड पाव. शाळेत असंच मिळायचं म्हणून सगळ्यांना आवडतं, असं वाढणारी बाई म्हणाली. मला आधी विचित्र वाटलं, मग उपीट आणि शिरा आपण एकाच बशीत खातो ते आठवलं आणि पाव त्या कालवणात बुडवून खाल्ला. फार चांगला लागला. बाजूच्या टेबलावर टोप्या घातलेले चार शेतकरी फासे टाकून कॉफी कुणी पाजायची ते ठरवत होते. पाचला अंधार पडला. धान्य वाळवायच्या यंत्रांचा घों घों आवाज गावावर होता आणि रूथ माझ्या कोपराला धरून चालत होती, बर्फ नसतानाही.

मी ठरवलं होतं, सोमवारी सांगायचं. सांगितलं नाही.

मंगळवार, शेतात

सकाळी दहाला फोन वाजला. मार्व्हिनच्या बायकोचा, डोरिसचा. मार्व्हिन गेले होते, अर्ध्या तासापूर्वी, खुर्चीत बसल्या बसल्या. तिने तो फोन रूथला आधी केला, कारण मुलगा, डेल, शेतात हार्वेस्टरवर होता आणि फोन उचलत नव्हता. दुपारनंतर बर्फाचा अंदाज होता, म्हणून तो पहाटेपासून कापणीला लागला होता. डोरिसने रूथला विचारलं, तू जाऊन सांगशील का, त्याला लगेच कळायला हवं.

आम्ही गेलो. खडीचा रस्ता, मग शेताची कड. लांब टोकाला ते यंत्र धुरळा उडवत येत होतं. रूथने मला गाडीतच बसायला सांगितलं आणि ती धसकटांतून चालत निघाली, दोन्ही हात वर करून. यंत्र थांबलं. डेल शिडीवरून उतरला, पन्नाशीचा दणकट माणूस. रूथने त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ फार थोडे हलले. तीन-चार शब्द असतील. त्याने टोपी काढली. घराच्या दिशेला बघितलं. मग यंत्राच्या चाकावर, त्याच्या डोक्याएवढ्या उंच चाकावर, तळहात टेकवून उभा राहिला.

मग तो तिला काहीतरी म्हणाला आणि ती त्याच्यामागोमाग शिडी चढून आत गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, याला धक्का बसलाय, हा काय करतोय. त्याने हातातली ओळ पूर्ण केली. शेवटपर्यंत. यंत्र बांधाला लावलं, बंद केलं, आणि आमच्या गाडीत मागे येऊन बसला. केसांत मक्याचा भुसा. वाटेत एवढंच बोलला, की ओळ अर्धी सोडून आलो असतो तर बाबा रागावले असते.

मी पुढच्या काचेतून बघत होते. अठरा वर्षं मी स्वतःशी एक वाक्य म्हणत आले होते, सांगितलं असतं तर तिला परीक्षा देता आली नसती. आणि इथे हा माणूस, ऐकून घेऊन, स्वतः ठरवून, आपली ओळ पूर्ण करून आला होता.

डेलला घरी सोडल्यावर रूथ बराच वेळ गाडी चालू करेना. मग म्हणाली, "मी कसलाच वळसा न घालता सांगितलं गं. बरोबर केलं का? तुझ्यासारखं नाही जमलं मला. तू दोन दिवस माझ्यासमोर भात खाल्लास, नि तोंडावर काही दाखवलं नाहीस."

बुधवार

आखातात एक रीत आहे. इथे राहणाऱ्यांना ती ठाऊक आहे, पण आपण ती लिहीत नाही. गावी कुणी गेलं की फोन ज्याचं माणूस गेलं त्याला येत नाही, त्याच्या खोलीतल्या दुसऱ्याला येतो. मग खोलीतले मिळून ठरवतात, कधी सांगायचं, किती सांगायचं. सिरियस आहे म्हणायचं आणि विमानात बसवायचं. एवढ्या लांब एकटं माणूस, त्याचं काही बरंवाईट होऊ नये, हा त्यातला हेतू. हेतू चांगलाच आहे. त्याच्याआड काय काय लपतं, ते मी सांगते.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मार्व्हिनच्या मातीनंतरचं जेवण होणार होतं आणि रूथच्या वाटेला बटाट्याची तीन मोठी भांडी आली होती. किसलेले बटाटे, आंबट साय, चीज, वर लोण्यात परतलेल्या मक्याच्या पोह्यांचा चुरा. तिथल्या प्रत्येक मातीला हेच असतं. दुपारचे दोन वाजले होते. ती किसत होती, मी सोलत होते. मी हातातला बटाटा खाली ठेवला, कारण हातात काही असलं की मी बोलत नाही.

मी सांगितलं. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी सकाळी तिच्या भावाचा, दादांचा, फोन आला होता. त्यांनी सांगितलं होतं, रूथला एकदम सांगू नका, आई सिरियस आहे म्हणा आणि मिळेल त्या विमानात बसवा. आम्ही गुरुवारपर्यंत माती थांबवतो. मी त्यांना म्हटलं, तिला रजा मिळत नाही. तुम्ही उरकून घ्या, मी सांगते तिला नंतर. मी रजा मागितलीच नव्हती. मी इन्चार्जकडे गेलेच नाही.

रूथचे हात थांबले.

"कामून?" ती म्हणाली.

युनिटमधून एका वेळी एकच नर्स सुट्टीवर जाऊ शकत होती. माझं विमान गुरुवारी संध्याकाळी होतं. मनूला बघून चौदा महिने झाले होते. रूथ गेली असती तर माझी रजा रद्द झाली असती. तिची परीक्षा गुरुवारी सकाळी होती हे खरं. पण फोन आला तेव्हा मला परीक्षा आठवली नाही. विमान आठवलं. परीक्षा नंतर आठवली, आणि आठवल्यावर फार बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी परीक्षेच्या इमारतीबाहेर, गाड्यांच्या मधे, मी तिला आई गेल्याचं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी विमानात बसले. मी रजेवर गेल्यामुळे तिला तीन आठवडे निघता आलं नाही. वाईला पोचले तर मनू माझ्या आईच्या पदरामागे लपली आणि मला मावशी म्हणाली. माझ्याजवळ यायला तिने आठ दिवस घेतले. हेही मी रूथला सांगितलं. का, ते कळत नाही. कदाचित मला काही मिळालं नाही, असं दाखवायचं असेल.

"रजेसाठी," रूथ म्हणाली.

"मनूसाठी," मी म्हटलं.

"रजेसाठी," तिने परत म्हटलं, शांतपणे, रुग्णाचं वजन दुसऱ्यांदा लिहून घ्यावं तसं. मग तिने भांडं भट्टीत ठेवलं, वेळ लावली, कोट घातला आणि मागच्या अंगणात जाऊन दाताळ्याने पानं ओढायला लागली. खिडकीतून दिसत होतं. पानं फार नव्हतीच. ती तीच पानं इकडून तिकडे करत होती.

भट्टीची घंटा वाजली तेव्हा ती आली नाही. भांडं काढायला गेले आणि माझं मनगट आतल्या जाळीला लागलं. मी ओरडले नसेन, पण भांडं आपटलं. रूथ आत आली, माझा हात नळाखाली धरला आणि घड्याळ बघून दहा मिनिटं तसाच धरून ठेवला. नर्सने धरायचा तसा.

गुरुवारी ती ड्यूटीला गेली. मी गावातून फिरले, नारिंगी टोपी घालून. हंसांचे मोठे थवे दक्षिणेकडे चालले होते आणि त्यांचा आवाज गोंगाटासारखा होता, आमच्या जुन्या गल्लीसारखा. मला ती खोली फार आठवली. तो फ्रीज, मधली खुर्ची. ज्या खोलीत मी ते केलं त्याच खोलीत परत जावंसं वाटावं, याला काय म्हणायचं.

शुक्रवार, तळघरात

मातीला सगळं गाव आलं होतं. डेल दाराशी उभा राहून प्रत्येकाला बाबा कसे गेले ते सांगत होता, पुन्हा पुन्हा, तेच. आमच्याकडे लपवतात आणि इथे झिजेपर्यंत सांगतात. जेवायला गोल पावात हॅमचे काप, बटाटे, ती हिरवी जेली, आणि शेंगदाण्याच्या लोण्याच्या गोड वड्या. रूथने त्या दिवशी मला कुणाशी ओळख करून दिली नाही. मी मागे भांडी घासत राहिले.

माणसं पांगली. जॉइसबाई बाहेर टेबलं पुसत होत्या. रूथ माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, पुसायचं फडकं हातात.

"सांग," ती म्हणाली.

"सांगितलं ना सगळं."

"ते नाही. ते तुझं झालं. माझं सांग. त्या मंगळवारी सांगायचं होतंस तसं."

मी नळ बंद केला. हात ओले होते. रूथ खुर्चीवर बसली, खोलीवरच्या खुर्चीत मी बसायचे तशी, समोर.

"रूथ," मी म्हटलं, "जालन्याहून दादांचा फोन होता. आई गेल्या. आज पहाटे. गुरुवारपर्यंत तुझी वाट बघतायत."

तिने फडकं तोंडाशी घेतलं. परीक्षेच्या इमारतीबाहेर मी सांगितलं होतं तेव्हा ती रडली नव्हती, सगळं उरकलेलं होतं म्हणून. आता रडली. मोठ्याने, मराठवाड्यात बायका रडतात तशी, आई गं आई गं करत. तळघरात तो आवाज फार मोठा झाला. जॉइसबाई धावत आल्या. त्यांनी विचारलं, काय झालं. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बोट दाखवील. तो तिचा हक्क होता.

"माय मदर डाइड," रूथ म्हणाली.

"ओह, हनी. व्हेन?"

"आय जस्ट हर्ड."

जॉइसबाईंना रूथची आई कधी गेली ते माहीत होतं. रविवारी टेबलाशी त्याही होत्या. त्यांनी ॲप्रन काढला, तिला धरलं, आणि मग मला सांगितलं की हिला घरी घेऊन जा, भांडी आम्ही बघतो.

पावणेपाचला दाराची घंटा वाजली. उघडलं तर कुणी नाही, पायरीवर फॉइलने झाकलेलं एक भांडं, कोमट. बुडाला चिकटपट्टी, जॉइस. सहा वाजेपर्यंत आणखी दोन आली. त्यातलं एक डोरिसचं होतं, जिचा नवरा त्याच सकाळी मातीत गेला होता. रूथने तिन्ही भांडी टेबलावर ओळीने ठेवली आणि बघत बसली.

"माझ्या आईचं जेवण," ती म्हणाली. मग ताटल्या काढल्या, दोन. आम्ही समोरासमोर बसून बटाटे खाल्ले. मीठ कमीच होतं.

शनिवार सकाळ

जालन्यात संध्याकाळ होती. रूथने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर ठेवला. तू सांग, एवढंच म्हणाली. दादांना मी आवाजावरून ओळखलं नाही, म्हातारे झालेत. मी कोण ते सांगितलं. मग सांगितलं, की रजा कुणी नाकारली नव्हती, रूथला ठाऊकच नव्हतं, ती परीक्षेसाठी थांबली नव्हती. मी तिला थांबवलं होतं, माझ्या सुट्टीसाठी.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बर्फ आणून ठेवला होता आम्ही," दादा म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात, तरी बुधवारी संध्याकाळपर्यंत ठेवली होती. म्हटलं येईल." मग म्हणाले, "रूथी आहे का तिथं?"

मी उठून बाहेर गेले. रात्री बर्फ पडायचा होता तो पडला नव्हता, नुसता गारठा होता. आतून तिचा आवाज येत होता, शब्द नाही. तासभर. मी जॉइसबाईंचं भांडं धुऊन घेतलं होतं. रिकामं परत द्यायची सवय नाही, म्हणून त्यात कुवेतचे खजूर भरले आणि तीन घरं पलीकडे देऊन आले. त्यांनी एक खजूर तिथेच दारात खाल्ला, बी हातात घेऊन बघितली आणि विचारलं, ही लावली तर इथे उगवेल का. मी म्हटलं, थंडीत नाही टिकणार. त्यांनी ती तरी खिशात टाकली.

रविवारी रूथने मला विमानतळावर सोडलं. वाटेत समोरून येणाऱ्या गाड्यांना ती बोट उचलत होती. दाराशी तिने मिठी मारली नाही. माझ्या मनगटावरची पट्टी बघितली, कडा दाबून नीट बसवली.

"पोचलीस की कळव," म्हणाली.

कुवेत

पोचल्यावर कळवलं. तिने वाचलं, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही. मी कामावर जाते, येते. परवा त्या जुन्या गल्लीत मुद्दाम गेले. बेकरी आहे, इराणी बदललाय. एक खबूस घेतली आणि गाडीत बसून पूर्ण खाल्ली. पूर्वी अर्धी माझी असायची.

काल दुपारी तिचा निरोप आला. इथे बर्फ पडला, असं लिहिलं होतं. डेलची कापणी वेळेत झाली. मार्चमध्ये जालन्याला जाणार आहे, दादा विमानतळावर न्यायला येणार आहे. खाली एक ओळ:

"कुवेतमार्गे विमान कुठल्या वारी आहे, बघून सांग."

मी ड्यूटीवर होते. बघितलं आणि लगेच कळवलं.